कानसेनची गाडी

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. देणारा माझा मेहुणा असेल तर मुळीच नाही. छत्री मागितली तरी ‘थांबेल आता पाऊस’ म्हणणारा हा गृहस्थ. त्याने माझ्या मुलीला अख्खी गाडी देऊ केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मुलीने पाहुण्यांची ने-आण करण्याचा व्यवसाय नुकताच सुरू केला होता. गेल्या आठवड्यात ती मामाकडे जाऊन, त्याला शेजारी बसवून गाडी चालवून आली आणि हरखून गेली. म्हणून त्या दुपारी, ती यायच्या आधी, मीच पाहायला गेलो.

शेडमध्ये जुन्या चामड्याचा वास कोंडला होता. मेहुण्याने ताडपत्री ओढली. लांबलचक, काळी, साहेबी गाडी. एके काळी मोठमोठी माणसं हिच्या मागच्या सीटवर पेपर वाचत जायची. पुढे लोकांना उंच गाड्यांचं वेड लागलं आणि कारखान्याने ही बनवणंच बंद केलं. मेहुणा तिथे नव्या गाड्या चालवून तपासायचा. ही त्यांची शेवटची गाडी.

“शेवटची, आणि तुझ्याकडे कशी?”

“कुणी घेईना, दाजी.”

“का?”

तो ताडपत्रीची घडी घालू लागला.

“मागे साहेब बसणार, त्याला आवाज येता कामा नये. म्हणून प्रत्येक गाडीत मागे एक म्हातारा बसायचा, डोळे मिटून. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. कुठे खुट्ट झालं की तो माझ्या सीटच्या पाठीवर टक करायचा. टक म्हणजे बिघाड, थांब. टक नाही, म्हणजे गाडी पास.”

“मग?”

“या गाडीत त्याने एकदाही टक केलं नाही. मला वाटलं, अशी गाडी आजवर झाली नाही... खुशीत फेऱ्या मारत राहिलो. परत येऊन दार उघडलं, तर म्हातारा केव्हाच गार पडला होता.”

अंगावर काटा आला खरा. पण अशी अपशकुनी गाडी माझ्या पोरीच्या गळ्यात मारतोय म्हणून रागही आला. म्हटलं, बस शेजारी, बघतोच. आम्ही एक फेरी मारून आलो. आत इतकी शांतता होती की मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाकी काही नाही.

“थापा छान मारतोस.”

मेहुण्याने शर्टाचं बटण काढलं. छातीवर उभा व्रण होता. ऑपरेशन झाल्याचं आम्हाला माहीत होतं. दुखणं कशावरून कळलं, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

“म्हातारा गेल्यावर ही गाडी मी चालवायचो तेव्हा टक व्हायचं. गाडी पूर्ण खोलून पाहिली, काही नाही. दरवेळी एकाच जागी, डाव्या खांद्याखाली. शेवटी डॉक्टरकडे गेलो... ऑपरेशननंतर आवाज बंद.”

“हे मला कशाला सांगतोस?”

त्याने मान खाली घातली. “पोरगी चालवेल तेव्हा तुम्ही शेजारी बसा. नुसतं सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता.”

तेवढ्यात मुलगी आली. हसतच तिने किल्ली घेतली. मामा आला नाही. शेडच्या दारातच उभा राहिला.

रस्ता सरळ होता, ऊन कलतं होतं. ती सफाईने चालवत होती. माझा जीव कानांत गोळा झाला होता. काही नाही... काहीच नाही. मेहुण्याला चार शिव्या हासडायच्या म्हणून मी शब्द जुळवू लागलो.

टक.

“काय बाबा, सीट कशाला ठोकताय?”

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

टक. तिच्या पाठीमागे, थोडं उजवीकडे, खाली कमरेजवळ. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. फक्त मागच्या सीटची जाड गादी, बरोबर तिच्या पाठीमागे, खोल दबलेली होती.

“गाडी थांबव, बाळा...”

तिने गाडी बाजूला घेतली. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. “का? काही बिघाड आहे का हिच्यात?”

“नाही गं,” मी म्हणालो. “गाडीत काहीच बिघाड नाही.”