फाट्यावरची तिसरी पाटी

कापसाचा एक ट्रक थेट मारोतरावांच्या वावरात शिरला, तेव्हा त्यांची लेक सुरभी वेचणीला वाकली होती. राळेगावचा रस्ता हाच ना, असं ड्रायव्हरनं विचारलं. सकाळपासून चुकलेला हा चौथा.

नाल्यावरचा पूल पाडून नवा बांधत होते, म्हणून गाड्या गावामागून फिरून जायच्या. फाट्यावर पाटी होती. ‘वळण मार्ग ४०० मी.’ एवढीच, आणि तीही तुरीत दडलेली. त्या साली भावाचा भरवसा नव्हता; कापूस कुठे न्यावा, कधी विकावा, तेच कुणाला उमगत नव्हतं. त्यात आता रस्ताही उमगेना.

ट्रकच्या मागोमाग मोटरसायकलवर एक तरुण आला. पुलाच्या कामावरचा इंजिनिअर, सलील, यवतमाळच्या नोकरदार घरातला. त्यानं हात जोडून माफी मागितली. सुरभीला खरं तर रागवायचं होतं… पण त्याच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता, आणि तिची नजर सारखी तिथंच जात होती.

“साहेब, तुमी कधी कीर्तन ऐकलं काय?”

तो गोंधळला. लहानपणी आईसोबत जायचो, म्हणाला.

“बुवा धृपद एकदाच म्हणून बसतात काय? आधी म्हणतात, मधात म्हणतात, सरतेशेवटी पुन्हा म्हणतात. डुलक्या घेणाऱ्याच्याबी कानात बसते. तुमची पाटी एकदाच बोलते अन् गप राह्यते.”

त्यानं ते वहीत लिहून घेतलं, अगदी गंभीरपणे.

तिसऱ्या दिवशी तीन पाट्या लागल्या. वळणाच्या आधी एक, वळणावर एक, आणि वळल्यावर देवीच्या ओट्यापाशी तिसरी – ‘बरोबर आलात, राळेगाव याच रस्त्यानं.’ गाड्या सुरळीत जाऊ लागल्या. सलील मात्र रोज यायचा. बैलगाडीवरून बाण दिसतो का? अक्षर बारीक तर नाही? सुरभी म्हणे, हातभर उंच करा. तो करी, आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका घेऊन हजर. तीही हल्ली रस्त्याकडच्या ओळी आधी वेचू लागली होती. काहून, ते तिचं तिलाच समजत नव्हतं.

रविवारी मुकुटबनचे पाहुणे तिला पाहायला आले. स्थळ चांगलं होतं; मारोतराव वर्षभर त्याच्यासाठी फिरले होते. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईनं पदर सावरत विचारलं, “पाटीवरची सुरभी ती हीच काय?”

कुणालाच काही कळेना. बाई म्हणाल्या, ओट्यापाशीच्या पाटीखाली ताज्या रंगात लिहिलंय, पुढे शंका आल्यास सुरभीला विचारा. “आमी पोरगी पाहाले आलो, बापू. हिचं नाव तं ट्रकवाल्याइलेबी ठाऊक.”

जीप निघून गेली. मारोतराव फाटक लावून अंगणात परत आले. आता ते ओरडतील, म्हणून सुरभी खाली मान घालून थांबली. ते एवढंच म्हणाले, “त्या साहेबाले घरी बोलाव. काय मनात हाय ते मले ऐकू दे.”

ती ओट्याकडे निघाली ती रागातच. सगळी वाट शिव्या जुळवल्या. सलील रॉकेलचा बोळा घेऊन पाटी घासत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तिच्या नावातलं पहिलं अक्षर पुसलं गेलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं… तर तिनं पुढे होऊन उरलेल्या अक्षरांवर हात आडवा धरला.

“काहून लिहिलं?”

“लोक तुम्हालाच विचारतात, म्हणून लिहिलं,” तो म्हणाला. मग बोळा खाली ठेवला. “नाही, खोटं बोललो. महिनाभरात पूल होईल. मग मला इकडे यायला काही कारणच उरणार नाही – त्याच विचारात होतो, आणि हातातून तुमचं नाव उतरलं. तुमचं स्थळ मोडलं माझ्यामुळे.”

“सारा रस्ता मले विचारून राह्यला,” सुरभी म्हणाली. आवाज तिचाच, पण तिला परका वाटला. “एक तुमीच नाही विचारलं.”

त्यानं रॉकेलचे हात पँटला पुसले. मग त्यानं विचारलं – इतकं हळू, की वाऱ्यानं हलणाऱ्या तुरीलाही ऐकू गेलं नसेल.

ती हो म्हणाली. बाबा घरी वाट पाहत आहेत, हेही सांगितलं.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून राळेगावचा रस्ता विचारला. सुरभीनं हात उचलला, आणि तिला काही केल्या आठवेना, कोणत्या बाजूला दाखवायचा. तिनं सलीलकडे पाहिलं. तो भलतीकडेच बोट दाखवत होता.