निघताना ‘येते’ म्हणू नका

“इथून निघताना ‘येतो’ म्हणू नका हं. सरळ ‘जातो’ म्हणा.”

माझ्या ताईला हे एका अनोळखी बाईने सांगितलं होतं. हात धुता धुता.

ताई हसली, आणि विसरून गेली.

पुढचं सगळं मी ताईच्याच तोंडून ऐकलंय. ती गोष्टी रचणाऱ्यातली नाही. साधी थाप मारायची झाली तरी तिचे कान लाल होतात. आणि माझ्याही घरात लहान मूल आहे, असलं काही मी गंमत म्हणून लिहिणार नाही.

गेल्या सुट्टीत ताई, भाऊजी आणि त्यांची छोटी ठकू तंबूत राहायला गेले होते. शनिवारची एकच रात्र. जागा भाऊजींनी फोटो बघून ठरवली होती. फोटोत निळंशार तळं होतं, काठावर पांढरेशुभ्र तंबू, पुढे शेकोटी.

प्रत्यक्षात नाव मोठं, लक्षण खोटं. तंबूत ओल्या गोणपाटाचा वास. गाद्या दमट. दाराची चेन अर्ध्यात अडकायची. संडास पार टोकाला, त्याला आतून कडी नाही. एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर राखण करत उभं राहायचं.

“आणि तळं कुठाय?” ताईने विचारलं.

भाऊजींनी समोरच्या डबक्याकडे पाहिलं. “बाहेर गेलं असेल. जेवायच्या वेळेला येईल.”

ताईला हसू आलं, पण एक गोष्ट तिला खटकत होती.

एवढी भिकार जागा… आणि एकही तंबू रिकामा नव्हता.

माणसं होती, मुलं होती. पण कुणी कुरकुर करत नव्हतं, कुणी फोटो काढत नव्हतं. मुलं डबक्याच्या काठाने नुसती उभी होती. ती पाण्यात दगडही मारत नव्हती.

संध्याकाळी नळावर शेजारच्या तंबूतली बाई भेटली.

“पहिल्यांदाच आलात?”

“पहिलं आणि शेवटचं!” ताई म्हणाली. “तुम्ही?”

बाई हात चोळत राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते…

“आम्ही दर सुट्टीला येतो.”

“इथे? का हो?”

“आमचा धाकटा म्हणाला होता ना, निघताना… येतो म्हणून.”

आणि मग त्यांनी ते सांगितलं. ‘जातो’ म्हणा.

“अहो, ‘जाते’ कसं म्हणायचं?” ताई हसली. “आमच्या आईने पाठीत धपाटा घातला असता!”

“माझ्याही,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

रात्र डास मारण्यात गेली. रविवारी दुपारी सामान गाडीत भरलं. मोजा-बिजा राहिला असेल म्हणून ताईने गाद्या उचलून पाहिल्या. तंबू पूर्ण रिकामा होता. तिने स्वतः पाहिला होता.

गाडीत बसताना ठकू मागे वळली. तंबूकडे बघून तिने शहाण्या मुलीसारखा हात हलवला.

“येते हं!”

आणि तंबूतून आवाज आला…

“बरं. ये.”

अगदी लाडाने. शाळेच्या दारात ताई ठकूला म्हणते, तसाच.

ताईच्याच आवाजात.

ती अडकणारी चेन… सर्रकन वर गेली. तंबू बंद झाला. आतून.

“ठकू, ‘जाते’ म्हण!” ताई किंचाळली. “म्हण लवकर, ‘जाते’!”

“अगं, पोरीला भलतंसलतं काय शिकवतेस?” भाऊजी वैतागले. आधीच सगळ्या जागेवर चिडलेले होते. तंबूतलं त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

ठकू रडायला लागली, पण म्हणेना. “असं म्हणायचं नसतं. तूच सांगितलंयस ना!”

शेजारच्या बाई त्यांच्या तंबूपुढे उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

घरी आल्यावर थोडे दिवस बरे गेले.

मग ठकू रोज संध्याकाळी बूट घालून दारात बसायला लागली.

“कुठे निघाली आमची स्वारी?”

“सांगितलंय ना मी.”

“कुणाला?”

“तुला.”

“मला? कधी गं?”

ठकूने मान हलवली. “तुला नाही… तिकडच्या तुला.”

ताईने बूट माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी ठकू अनवाणी बसली. तिच्या टाचांना ओला चिखल होता. घर वरच्या मजल्यावर, आणि पोर दिवसभर घरातच…

त्याच आठवड्यात जेवता जेवता भाऊजी सहज म्हणाले, “परत जायचं का तिथे? तशी वाईट नव्हती जागा.”

ताईच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या रात्री तिने मला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, “ठकूला उचल आणि इकडे निघून ये. भाऊजींचं नंतर बघू.” ती म्हणाली, “सकाळीच निघते.”

ती आली नाही.

मी गेले, तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, तिघंही पहाटेच फिरायला गेले. सुट्टी नव्हती, काही नव्हतं.

जागेचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. पोलिसांत गेले, तर त्यांनी माझ्यासमोरच ताईला फोन लावला. तिने उचलला, नीट बोलली. “नवऱ्याबरोबर फिरायला गेल्यात बाई, तक्रार कसली लिहायची?” ते म्हणाले.

मी रोज फोन करते. ताई उचलते.

“मजेत आहोत.”

ताईने जन्मात कधी ‘मजेत’ म्हटलेलं नाही. कशी आहेस विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. “चाललीय ढकलगाडी.”

“ठकूला दे ना,” मी म्हणते.

“झोपलीय.”

सकाळी केला तरी झोपलीय. भर दुपारी केला तरी झोपलीय…

आवाज ताईचाच आहे, त्यात शंका नाही. कुठल्या ताईचा, ते मला कळत नाही.

तुमचं कुणी लेकरांना घेऊन असं तंबूत राहायला गेलं असेल, तर आत्ता फोन लावा. आईशी बोलून ठेवून देऊ नका. लेकराला फोनवर मागा.

झोपलंय म्हणाली… तर उठवायला सांगा.