मधली जाळी

बाबांच्या गाडीत एसी होता, पण तो शोभेचा. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. "आला तोच बिघडून आला," असं म्हणत बाबा काचा खाली करायचे. डॅशबोर्डवर तीन चकचकीत जाळ्या होत्या. त्यांतून कधी साधी झुळूक आली नाही. भर उन्हाळ्यात मी मागच्या सीटवर उभी राहायचे आणि वर्तमानपत्राची घडी करून त्यांच्या मानेवर वारा घालायचे. ते आरशातून माझ्याकडे बघून हसायचे. एकुलत्या एका लेकीला आणखी काय हवं असतं?

बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. पत्रा, रंग, सीटा, सगळं धडधाकट होतं. एसीचं तेवढं राहिलं होतं, म्हणून ती बर्फ्याकडे नेली. बर्फ्या हे त्याला बाजाराने दिलेलं नाव. जुन्या गाड्यांचे एसी तोच करतो, आणि गिऱ्हाईक कितीही तापलं तरी हा गारच असतो.

"दोन रस्ते आहेत, ताई," तो म्हणाला. "जुनाच उभा करायचा तर कंप्रेसर उघडावा लागेल. नळ्याही बदलाव्या लागतील, कारण जुना गॅस आता मिळत नाही. त्यात हे धूड जड, चढावर इंजिन धापा टाकणार. नवा संच हलका, गारेगार. पण त्याला डॅशबोर्ड कापावा लागेल."

"जुनाच कर. बाबांच्या गाडीत परका माल नको."

आई माझ्यासोबत आली होती. ती दारातल्या स्टुलावर बसली होती. "नवा बसव," ती एकदम म्हणाली. "ते जुनं काढून टाक."

माझी आई रिकामी बाटलीसुद्धा टाकत नाही. मला नवल वाटलं, पण मी माझा हेका सोडला नाही.

काही दिवसांनी बर्फ्याने बोलावलं. कंप्रेसर टेबलावर उघडून ठेवला होता.

"हा बिघडलेला होता, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"बाबा."

त्याने आतल्या भागावरून बोट फिरवून मला दाखवलं. "नुसता पडून राहिला असता तर गंजला असता. हा झिजलाय. वर्षानुवर्षं चाललाय हा, रोजच्या रोज."

मी वजनकाटे तपासायची नोकरी करते. दुकानदार खोटा काटा ठेवतो तेव्हा त्याचे डोळे मला आधी सांगतात. आणि घरातला काटा मात्र मी आयुष्यात एकदाही तपासला नव्हता. मी घामाने निथळत त्या माणसाला वारा घालत होते आणि तो आरशातून हसत होता. त्याने मला सरळ वेड्यात काढलं होतं. मला तिथेच रडू कोसळलं. बर्फ्या पाणी आणायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

परत आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. डाव्या-उजव्या जाळ्या सरळ होत्या. मधलीची पाती मात्र खाली झुकलेली होती. त्याने ती बोटाने वर केली, ती हळूहळू पुन्हा खाली आली. पुढची सीट अखंड, बाकासारखी. त्या सीटच्या बरोब्बर मध्यावर, लहान मूल बसलं तर त्याच्या तोंडावर वारा लागेल, अशी ती वळली होती.

"पुढे कोण बसायचं?" त्याने विचारलं.

"आई-बाबा. मला पुढे बसायला बंदी होती."

त्याने पाना उचलला आणि तो पुन्हा कंप्रेसरकडे वळला.

जुना एसी उभा राहिला. वारा येतोय का हे बघायला बर्फ्या प्रत्येक जाळीला कागदाची पातळ पट्टी बांधतो. इंजिन सुरू झालं तशा तिन्ही पट्ट्या फडफडू लागल्या. मी मागच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. पट्ट्या खाली लोंबल्या. इंजिन चालूच होतं.

मी उतरले, त्या फडफडल्या. बसले, त्या लोंबल्या. बर्फ्याने फ्यूज बदलला, वायरी हलवून बघितल्या. शेजारच्या टायरवाल्याला मागे बसवलं, तर त्याला चांगलं गार वारं लागलं.

"जमिनीचा काही दोष असेल, गाडी जरा तिकडे घेऊ," बर्फ्या म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उपट हे सगळं," मी म्हटलं. "नवा बसव. काप तो डॅशबोर्ड."

नव्या संचात जुनं काहीच नव्हतं. कंप्रेसर, नळ्या, वायरी, प्लॅस्टिकच्या काळ्या जाळ्यासुद्धा नव्या. गाडी आणायला आई माझ्याबरोबर आली. तिने शाल घेतली होती. कुणी न सांगता ती पुढे बसली, दाराला अगदी चिकटून. बर्फ्या स्टिअरिंगवर होता. पट्ट्या जोरात उडत होत्या आणि आईने समाधानाने डोळे मिटले.

मी मागचं दार उघडून आत बसले.

डावी पट्टी लोंबली. मग उजवी. सगळ्यात शेवटी मधली.

बर्फ्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आत भट्टीसारखं तापायला लागलं. नकळत माझ्या हाताने सीटवरचं वर्तमानपत्र उचललं होतं, त्याची घडीही झाली होती.

"आई," मी विचारलं, "पुढे कोण बसायचं गं?"

ती समोरच बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तू उतर, बाळा. उगाच सगळ्यांना उकडतंय."

मी उतरले. दार लावलं.

काचेतून मला पट्ट्या उडताना दिसल्या. मधल्या नव्याकोऱ्या जाळीची पाती सावकाश खाली झुकली. बर्फ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आईने अंगावरची शाल काढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर अलगद पांघरली.

शाल सीटला टेकली नाही.