सोफ्यावरची मोकळी जागा

ही गोष्ट खरी आहे. मनानं रचायची असती तर मी भूत कुठं वडावर, विहिरीवर आणलं असतं. सिंगापूरला, बुकित बातोकच्या एमआरटी स्टेशनात, लखलखीत उजेडात आणि ऑफिस सुटल्याच्या गर्दीत कशाला आणीन?

शिवाय हे ज्याच्या बाबतीत घडलं तो उज्ज्वल माझा मामेभाऊ. इंजिनियर माणूस. त्याचे वडील, आमचे यादवमामा, नागपूरला शाळामास्तर होते. "भूत दाखवा आणि माझी सायकल घेऊन जा," असं ते वर्गात सांगायचे. सायकल शेवटपर्यंत त्यांच्याच दारात राहिली.

अशा घरात हे घडलं, म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

साल २०१४. बुद्धपौर्णिमेची आदली संध्याकाळ...

त्या वेळी मीरामामी, म्हणजे उज्ज्वलची आई, नागपूरहून सिंगापूरला आल्या होत्या. मामा जाऊन चार वर्षं झाली होती. मामींचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी उज्ज्वलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा प्रवास करू द्या, पुढचा मात्र ठरवू नका.

आणि उज्ज्वलला आईचा एक चांगला फोटो काढायचा होता.

कशासाठी, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, एकतालाही नाही. पण मामा गेले तेव्हा काय झालं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुण्यानुमोदनाला भिंतीवर लावायला त्यांचा धड एक फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून मामांना कापून काढलं आणि मोठं केलं. चेहरा पुसट. आणि कडेला एक निळ्या पदराचा खांदा तसाच राहिला. तो मामींचा.

"बघ, मी अर्धी तिथंच राहिले," असं मामी हसून म्हणायच्या. ते ऐकलं की उज्ज्वल उठून आत जायचा.

आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. कॅमेरा घ्यायचा तर फुल-फ्रेम. जुन्या रिळातल्या एका चौकटीएवढा मोठा सेन्सर, म्हणजे खिडकीच्या उजेडातही चेहरा जिवंत येतो. नवा परवडणारा नव्हता, म्हणून वापरलेला. मग सुरू झालं बघणं... एकाचे मेगापिक्सेल कमी पण अंधारात चांगला. दुसऱ्याचे जास्त पण फोकस हळू. एकाचं शटर फार चाललेलं, दुसऱ्याच्या सेन्सरवर डाग. आई यायच्या आधी सहा महिने तो हेच वाचत होता. आई आली, तिचे दिवस संपत आले, तरी वाचतच होता.

"काहून रे, एवढं तर एकताला पाहायला गेलास तेव्हा पाहिलं नाहीस," मामी म्हणाल्या. "एक कप चहात हो म्हणालास!"

"आई, तिची गॅरंटी होती," उज्ज्वल म्हणाला.

"ऐकतेय मी!" स्वयंपाकघरातून एकता ओरडली.

मामी म्हणाल्या, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा."

खरं सांगायचं तर तो कॅमेरा निवडत नव्हताच. तो दिवस ढकलत होता. कॅमेरा घरात आला की तो कशासाठी आला हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. त्याच्यानं ते होत नव्हतं.

पण परतीचं विमान तीन दिवसांवर आलं, तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

लग्नाचे फोटो काढणारा एक चिनी तरुण धंदा बंद करत होता. उज्ज्वलच्या मनात घोळणारे दोन्ही कॅमेरे त्याच्याकडे होते. भेटायचं ठरलं बुकित बातोक स्टेशनात, गेटपाशी. तिथं असे व्यवहार गेटच्या अल्याडपल्याड उभं राहूनच होतात. विकणारा आतच थांबतो, म्हणजे पुन्हा कार्ड लावून भाडं भरायला नको. घेणारा बाहेर.

तरुण आत उभा. उज्ज्वल बाहेर. मधल्या कठड्यावर दोन्ही कॅमेरे.

उज्ज्वलनं पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून डाग तपासले. शटर कानाजवळ धरून ऐकलं. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. पुन्हा पहिला...

तरुण आधी हसत होता. "टेक युअर टाइम लाह." मग तो घड्याळ बघायला लागला.

आणि मग तो उज्ज्वलच्या खांद्यामागं बघून मान डोलवायला लागला. कुणी काही सांगत असावं, तशी.

"ओके, ओके," तो म्हणाला, आणि एक कॅमेरा उज्ज्वलकडे सरकवला. "युअर फादर आल्सो से धिस वन."

उज्ज्वलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हू?"

"युअर फादर. बिहाइंड यू."

उज्ज्वल वळला...

मागं कुणी नव्हतं. गर्दी होती, पण ती दूरवरून, वळसा घालून जात होती. त्याच्या मागची एवढीशी जागा तेवढी मोकळी होती.

"जस्ट नाऊ हियर, व्हॉट," तरुण गोंधळून म्हणाला. "व्हाइट शर्ट. पेन इन पॉकेट. ही पॉइंट, पॉइंट."

यादवमामा निवृत्त झाल्यावरही खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पण पांढरे शर्ट काय, पेनं काय, हजार लोकांच्या खिशाला असतात. उज्ज्वलनं स्वतःला हेच सांगितलं. कुणीतरी म्हातारे गृहस्थ डोकावून गेले असतील.

तरी त्यानं तोच कॅमेरा घेतला. घरी कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची सुट्टी. सकाळी घरात वंदना झाली. मेणबत्त्या, फुलं, खीर. मामी पांढरं पातळ नेसल्या होत्या, निळ्या काठाचं. दुपारी उन्हं कलली आणि हॉलमध्ये मऊ उजेड आला, तेव्हा उज्ज्वल म्हणाला, "आई, बस ना जरा सोफ्यावर. कॅमेरा बघायचाय."

मामींनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्यांना कळलं होतं. आईला कळतंच. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि बसल्या.

बसल्या त्या सोफ्याच्या एका टोकाला.

उज्ज्वलनं कॅमेरा स्टँडवर लावला. "अगं, मध्ये बस ना."

"बसले की."

"कडेला बसलीयेस. एवढी जागा कशाला सोडलीस?"

मामींनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं... आणि पदर सावरून आणखी थोडं सरकून घेतलं. बसमध्ये कुणी शेजारी बसायला आलं की बायका सरकतात, तसं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "काढ तू."

उज्ज्वलनं बटण दाबलं. नेमक्या मामींच्या पापण्या मिटल्या.

"थांब, पडदा सरकवतो, मग पुन्हा काढू." तो कॅमेरा सोडून खिडकीशी गेला. एकता दारात उभी होती. कॅमेऱ्याजवळ कुणीच नव्हतं.

पंखा बंद होता. खालच्या मैदानावर मुलं ओरडत होती, त्यांचा आवाज एकदम थांबला...

खट्.

शटरचा आवाज.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "टायमर राहिला असेल," एकता म्हणाली.

उज्ज्वलनं जाऊन पाहिलं. टायमर बंद होता.

पण स्क्रीनवर फोटो आला होता. आणि त्यात मामी अशा हसल्या होत्या, की उज्ज्वलचं बाकी सगळं भान हरपलं. त्यानं फक्त चेहरा मोठा करून पाहिला. मग फोटोतले डोळे मोठे करून पाहिले. कॅमेरावाल्यांची ही सवयच, फोकस बरोबर डोळ्यांवर बसलाय की नाही एवढंच बघायचं. पापणीन् पापणी दिसत होती. त्याला रडू आलं. तो स्टँड उचलायच्या निमित्तानं खाली वाकला.

"आला ना चांगला?" मामींनी विचारलं.

"हो आई."

"मग झालं तर. आता नको काढूस."

दोन दिवसांनी मामी नागपूरला गेल्या. दिवाळीच्या आधी, एका सकाळी, झोपेतच त्या गेल्या.

उज्ज्वल पोहोचला तेव्हा माती व्हायची राहिली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्यानं तो फोटो सीताबर्डीच्या फोटोवाल्याला फोनवरूनच पाठवून दिला. उघडून पाहायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी फोटोवाल्याचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. स्पीकर चालू होता.

"दादा, चेहरा तर एक नंबर आहे. फक्त एक विचारायचं होतं..."

"बोला."

"बाजूला कुणाचा तरी खांदा आलाय. कापून टाकू का?"

"कसला खांदा?" उज्ज्वलनं विचारलं.

"पांढरा शर्ट आहे बघा. खिशाला पेन आहे. मोठे सर आहेत का ते?"

हॉलमध्ये माणसं होती, पण मला त्या क्षणी कुणाचाच आवाज ऐकू आला नाही. समोर भिंतीवर मामांचा तो जुना पुसट फोटो होता. कडेला निळ्या पदराचा खांदा.

"कापू नका," उज्ज्वल म्हणाला. "तसाच राहू द्या." आणि मग तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मामा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दोन्ही फोटो आता नागपूरला शेजारी-शेजारी लावले आहेत. तो खांदा मी स्वतः पाहिलाय, जवळ जाऊन, चष्मा पुसून. पडदा म्हणावा तर उज्ज्वलच्या घरचे पडदे तपकिरी आहेत. बाकी काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला आजही ठरवता आलेलं नाही.

इथवर सगळं गोडच म्हणायचं. दोघं पुन्हा शेजारी बसली, झालं. मीही स्वतःला तेच सांगायचो.

पण गेल्या वर्षी एकताच्या वाढदिवसाला उज्ज्वलनं तो कॅमेरा पुन्हा बाहेर काढला. तोच सोफा, तोच दुपारचा उजेड. एकता हसत येऊन बसली. उज्ज्वलनं कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि लगेच काढला.

एकता टोकाला बसली होती. शेजारी जागा सोडून...

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "मध्ये बस ना."

"बसले की," एकता म्हणाली.

उज्ज्वलनं लेन्सवर झाकण लावलं. तेव्हापासून त्यानं घरातल्या कुणाचाही फोटो काढलेला नाही.