एक काडेपेटी मागे

दुकानात शिरल्याशिरल्या तिला एक भला थोरला डोळा दिसला. तपकिरी, नेहमीच्या डोळ्याच्या दुप्पट, आणि थेट तिच्याकडे रोखलेला.

मग तिच्या लक्षात आलं. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाने डोळ्याला भिंग लावलं होतं आणि ते काढायचं विसरूनच मान वर केली होती. तिला खुदकन हसू आलं... किती दिवसांनी, कोण जाणे.

"हसा, हसा," तो म्हणाला. "यातून तुम्हीही काही फार बऱ्या दिसत नाही."

"मग काय दिसतंय?"

"धुकं. आणि त्यात एक छत्री, जिचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकतंय."

तिने जीभ चावून छत्री खाली ठेवली. बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत मात्र तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. कॅमेरा डिजिटल, वर्षभरापूर्वीचा. पण त्याच्या तोंडाशी लावलेली लेन्स तिच्या वयापेक्षाही जुनी. जड, धातूची, हाताने कडं फिरवून फोकस करायची. ती तिच्या आईची होती. आईने त्या लेन्सवर उभा स्टुडिओ चालवला होता. लेक आता नाटकांचे फोटो काढायची आणि सगळी नाटकमंडळी तिला 'फोटोवाली' म्हणूनच हाक मारायची.

"फोकस लागत नाही हो," फोटोवाली म्हणाली. "म्हणजे... मला लागलेला दिसतो. नंतर फोटो बघावा, तर नट धूसर आणि त्याच्या मागचा पडदा लख्ख!"

"ऑटोफोकसवाली नाही का वापरत?"

"आहे एक. अंधारात चाचपडत बसते, शिवाय करकरते. नायिका रडायला लागली की प्रेक्षक माझ्याकडे वळून बघतात."

तो हसला. लेन्स उजेडात धरून त्याने कडं अलगद फिरवलं; एखाद्याने झोपलेलं मूल उचलावं, तशा बेताने. मग म्हणाला, "हिला काहीही झालेलं नाही. लोण्यासारखी फिरतेय."

दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. तिने मात्र कॅमेरा परत घ्यायला हात पुढे केला. गेले तीन आठवडे ती एकच गोष्ट मनात घोकत होती... लेन्स बिघडलेली निघू दे. कारण लेन्स चांगली असेल, तर बिघाड कुठे होता, हे तिला विचारायचंच नव्हतं. आईचे डोळे काचबिंदूने गेले होते. कळेपर्यंत निम्मी नजर गेली होती, स्टुडिओला कुलूप लागलं होतं. मुलीनेही दरवर्षी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. ती चार वर्षं टाळत आली होती.

"बरं... येते मी."

"अहो, थांबा! कॅमेरा कुठे बघितलाय मी अजून?"

त्याने ड्रॉवरमधून सात काडेपेट्या काढल्या आणि टेबलावर तिरक्या ओळीत, एकीच्या मागे एक अशा मांडल्या. "मधल्या पेटीवर फोकस करा. व्ह्यूफाइंडरमधून, डोळ्यानेच. असे दहा फोटो."

कसेबसे दहा फोटो झाले. तो ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघू लागला, तेव्हा पडद्याकडे बघायचा तिला धीर होईना. ती त्याचा चेहराच बघत राहिली. कपाळावर आठी. हनुवटीवर काळ्या तेलाचा डाग. लांब पापण्या... आणि मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"दहाच्या दहा, एक काडेपेटी मागे."

"म्हणजे माझे डोळे—"

"डोळे चुकले असते तर कधी पुढे, कधी मागे, एखाद्या वेळी बरोबरही. दहाही वेळा बरोब्बर एकच पेटी मागे? इतकी शिस्त माणसाच्या डोळ्यांत नसते हो." त्याने लेन्स काढून कॅमेऱ्याच्या आत बोट दाखवलं. "आरशाच्या वरची ही काच बदलून घेतली होतीत?"

"हो. हाताने फोकस करायला सोपी म्हणून."

"बसवणाऱ्याने तिच्याबरोबरची, अंतर राखणारी पातळ पत्री परत घातलीच नाही. काच जागेवरून किंचित सरकलीय. तुम्हाला दिसतं ते एक, आणि फोटोत उतरतं ते दुसरंच. दोन दिवस द्या मला."

दोन दिवसांनी त्याच काडेपेट्यांचे दहा फोटो तिने पुन्हा काढले. दहाही मधल्या पेटीवर. पेटीचा कागदसुद्धा रवाळ दिसत होता. आणि फोटोवाली, भर दुकानात, हमसून हमसून रडायला लागली.

तो गडबडला. रुमाल सापडेना, म्हणून त्याने लेन्स पुसायचं फडकं पुढे केलं. "कोरं आहे," तो म्हणाला. तिने नाक पुसत त्याला सगळं सांगून टाकलं. आईचं, स्टुडिओचं, चार वर्षांचं.

तो ऐकत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "मग डोळे कधी तपासताय?"

"आता कशाला? बिघाड कॅमेऱ्यात होता ना?"

"कॅमेऱ्याचा कॅमेऱ्यात होता. तुमच्या डोळ्यांचं कुठे कुणी बघितलंय?"

"तुम्ही कॅमेरेच दुरुस्त करा ना!" ती फणकारली आणि तरातरा निघून गेली.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. फोटो उत्तम येत होते, दिग्दर्शक तोंड भरून कौतुक करत होता. पण ती एक डोळा झाकून दाराची चौकट पूर्ण दिसते का, ते बघत बसायची. त्याचा रागही यायचा, आणि त्याचा फोन येत नाही म्हणून आणखीच राग यायचा. नवव्या दिवशी तिनेच फोन केला.

"डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय. थेंब घातले की नीट दिसत नाही, सोबत कुणीतरी आणा म्हणतात. आईला सांगितलं नाही... तुम्ही—"

"शटर ओढतोय," तो म्हणाला.

तपासण्या लांबल्या. थेंब घातल्यावर ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली, तेव्हा तो शेजारी नुसता एक धूसर निळा शर्ट होता.

"आता आत बोलावतील," ती म्हणाली.

"त्याआधी मला एक सांगायचंय. आत्ताच. नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल, कीव आली म्हणून म्हणाला." तो थांबला. "पत्री बसवायला अर्धा तास लागतो. मी दोन दिवस मागितले... तुम्ही पुन्हा यावं म्हणून. मला तुम्ही आवडता. फार."

तिने वळून बघितलं. नेमका आता त्याचा चेहरा दिसत नव्हता!

आतून तिला हाक आली.

ती बाहेर आली तेव्हा भिंत चाचपत आली. तो उठून उभा राहिला.

"आहे," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यात. अगदी सुरुवात. आहे ती नजर टिकवता येईल म्हणतात. रोज थेंब, सहा महिन्यांनी तपासणी. मला स्वतःला एवढ्यात काही कळलंच नसतं म्हणे." मग घाईघाईने, "तुम्ही मघाशी बोललात ते परत घ्या. मी रागावणार नाही."

"नाही घेत."

"आणि पुढेमागे मला दिसेनासं झालं तर?"

"तर वाईट होईल," तो म्हणाला. "फार वाईट. तुमचे डोळे होईन वगैरे मी नाही म्हणणार, मला ते जमायचं नाही. पण थेंब घातले का, हे रोज विचारीन. तुम्ही वैतागेपर्यंत विचारीन."

तिला हसू फुटलं आणि डोळेही वाहू लागले. थेंबांचं पाणी कुठलं आणि तिचं कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्या दिसेनात. ती वरच अडखळली.

"हात धरू?"

"विचारतोस काय?" ती म्हणून गेली, आणि त्या 'तोस'वर स्वतःच चपापली.

"आता... कुठे जायचं?" त्याने विचारलं. हात घट्ट धरला होता.

"आईकडे. तिला दोन गोष्टी सांगायच्यात."

"आधी कुठली?"

तिने एक पायरी उतरून विचार केला. "आधी तू. म्हणजे दुसरी ऐकायला तिला जरा बळ येईल."

तो जागीच थबकला. "आत्ता? अशा अवतारात? शर्टाला तेल लागलंय, केस बघ माझे..."

"मला काही दिसत नाहीये," ती म्हणाली. "आणि आईला तरी कुठे धड दिसतं? चल."