दम खाणारी गाडी

कंदील जरा तिकडं सरकवा. कानाशी आला की त्याची फुरफुर मला नको वाटते. का, ते सांगतो. लाईट काय एवढ्यात येत नाही, बसा निवांत.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा श्रावण होता. माझं गॅरेज तेव्हा शाहूपुरीत. गॅरेज म्हणजे काय, एक पत्र्याची शेड आणि पुढं चिखल. पण मी खुशीत होतो. सकाळी बायकोच्या, खैरुनबीच्या हातचा चहा प्यायचा, शेडचं दार उघडायचं आणि पेट्रोलच्या वासात शिरायचं. दुसरं काही नको वाटायचं.

गुरुसिद्धअण्णा माझा जुना दोस्त. नारळाचा व्यापारी. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानांना माल पोचवायचा. त्यासाठी त्यानं एका दलालाकडून जुनी पिकअप घेतली. आधी ती कुणाची होती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एक दिवस ती घेऊन तो माझ्या दारात आला.

"निसारभाई, ही पळताना झ्याक हाय. उभी ऱ्हाईली की येडी हुतीया. ऐक की."

मी ऐकलं. गाडी न्यूट्रलला उभी होती, पेडलवर पाय नव्हता, तरी रेस आपोआप वर चढायची, जरा थांबायची आणि खाली यायची. इतकी खाली, की आता बंद पडते असं वाटायचं. मग पुन्हा धडपडत वर.

हा रोग आमच्या धंद्यात नवा नाही. प्लग घासले, पॉइंट बघितले, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. फरक पडेना. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर जागोजागी फिरवलं. कार्बोरेटरच्या बुडाशी सूंऽऽ असा आवाज आला. तिथलं पॅकिंग चिरलं होतं, आणि इंजिन त्या फटीतून चोरून हवा ओढत होतं. नवं पॅकिंग कापून बसवलं. गाडी अशी चालू लागली, की बॉनेटवर ठेवलेली चहाची कपबशी वाजेना. अण्णा हसत गेला.

पुढच्या सोमवारी परत आला तो तोंड पाडूनच.

"गावात झ्याक चालती," तो म्हणाला. "पर जोतिबाच्या वाटंला, चढाच्या अल्याड एक घर हाय बघ, तितं गेली की पुन्हा तेच सुरू. तशीच दामटून वर घातली, तर चढावर बंद पडली. भरलेली गाडी मागं सरकाय लागली, निसारभाई. मल्लव्वा शेजारी बसलीती. मागचं चाक एका दगडाला अडलं म्हणून वाचलो. आता ती म्हणती, गाडी भंगारात घाला, न्हायतर मी माहेरी जाते."

मला मनातून हसू आलं. चढाला पेट्रोल कमी पडत असेल, थंड हवेत कार्बोरेटर गारठत असेल. म्हटलं, "चल, मीच येतो. जिथं दुखतंय तिथंच बघू."

दुसऱ्या दिवशी जेवण करून निघालो. मागं नारळाची पोती होती. पाऊस असा नव्हता, नुसती झिमझिम. केर्ली गाव मागं पडलं आणि धुकं आलं. बघता बघता शेतं गेली, झाडं गेली, समोर बॉनेट तेवढं उरलं. भर दुपारी अण्णानं दिवे लावले. आणि मग, धुक्यातून ते घर पुढं आलं. एकटंच. कौलारू, ठेंगणं.

गाडीनं तिथंच सुरू केलं. रेस वर... थांब... खाली.

"बघ," अण्णा हळूच म्हणाला.

"उभी कर. बंद करू नको."

मी उतरलो, बॉनेट उघडलं. पॅकिंग जागच्या जागी, नट घट्ट. सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडून बघितले, एकही आत ओढला गेला नाही, म्हणजे हवा कुठूनच ओढली जात नव्हती. मग नळी कानाला लावली.

सूंऽऽ... असा आवाज आला. हवा आत ओढल्याचा. रेस वर चढली.

आणि मग, हाऽऽ... असा. हवा बाहेर सोडल्याचा.

आता नीट ऐका. फटीतून इंजिन हवा ओढतं. सोडत नाही. तसं होतच नाही. पण त्या नळीतून माझ्या कानात ऊन वाफ आली, आणि वाफेला वास होता. पेट्रोलचा नव्हे. जाळलेल्या धोत्र्याच्या पानांचा. दम्याच्या माणसाला देतात ना धुरी, तसा.

"अण्णा... बंद कर."

त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं. सगळीकडं गप्प झालं, पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या.

नळी माझ्या कानालाच होती. सूंऽऽ... हाऽऽ... आत घरघर, छातीत कफ दाटल्यासारखी. ओढताना कष्ट पडत होते, सोडताना त्याहून जास्त. नळी काढावी म्हटलं तर काढवेना. कुणीतरी गुदमरतंय आणि मी कान काढून घेतला तर त्याचं कुणीच उरणार नाही, असं काहीतरी वाटत होतं.

"काय झालं वं पावणं?"

डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी घरातून आली होती. तिचं नाव तानाबाई, ते मला मागून कळलं. तिला नळीची गरज नव्हती. मान तिरकी करून ती ऐकत राहिली, आणि मग तिनं गाडीच्या दारावरून हात फिरवला.

"रंग दुसरा दिलाय," ती म्हणाली. "पर गाडी तीच. आमचं मालक चालवायचं ही. दुसऱ्याची गाडी, पर जीव लई. जाता-येता हितं थांबायचं, च्या प्यायचं. बंद न्हाय करायचं, पुन्हा चालू व्हायला रुसती म्हनायचं."

"मग?" अण्णानं विचारलं.

"दमा हुता त्यास्नी. उठला की मी पाठ चोळायची, मग बसायचा. असाच सरावण हुता. मी रानात गेलते... आले तर दारात गाडी चालूच. आन् हे इस्टेरिंगवर डोकं ठेवून..." तिनं पदर तोंडाला लावला. "लई वाट बघितली असंल हो माझी."

मग ती पुढं झाली. उघड्या बॉनेटच्या कडेवर तिनं तळहात ठेवला आणि पाठ चोळावी तसा वरून खाली फिरवू लागली.

"बसा... बसा जरा. दम खावा. मी आलीया न्हवं? घाई न्हाय कशाची..."

घरघर हळूहळू सैल झाली. श्वास लांबला. एक मोठा सुस्कारा माझ्या कानावरून गेला, आणि नळी रिकामी झाली. नुसती नळी. मी ती खाली घेतली तेव्हा माझे डोळे भरले होते. अण्णा "शिवा, शिवा" म्हणत होता.

गाडी पहिल्या फिरकीला सुरू झाली. एका सुरात चालली. ना वर, ना खाली.

तानाबाईनं आम्हाला सोडलं नाही. चुलीपुढं बसवून गुळाचा चहा दिला, भाजलेल्या शेंगा दिल्या. तिच्या मनावरचं किती वर्षांचं ओझं उतरलं होतं देव जाणे, ती हसत होती, मालकांच्या खोड्या सांगत होती. अण्णा म्हणाला, "आता मल्लव्वाला घेऊनच येतो मावशी, तुमच्या हातचा च्या प्यायला." भीती पार गेली होती. मला तर वाटलं, आयुष्यात एवढी चांगली दुरुस्ती मी बघितली नाही.

निघालो. गाडीत बसलो तशी ती खिडकीशी आली.

"पावणं, येक बोलू? तुमी दोगं आत येऊन च्या प्यालासा. त्या बाईला तरी इचारायचं. मगापासनं भिजतीया."

"कंची बाई?" अण्णा म्हणाला.

"ती की. मागं पोत्यावर बसलीया ती."

आम्ही उतरून मागं गेलो. कुणी नव्हतं. सगळी पोती भिजून काळी पडली होती. मधलं एक मात्र कोरडं होतं. खटखटीत कोरडं. आणि वरून बसलेलं, माणसाच्या वजनानं बसतं तसं.

आम्ही पुढं येऊन बसलो, त्यानं गियर टाकला. इंजिन सुरेख चालत होतं, कुठं खोट नाही.

चढ लागायच्या आधी मी एकदाच आरशात बघितलं. धुक्यात तानाबाई रस्त्यावर उभी होती आणि हात हलवत होती. आमच्याकडं नव्हे, जरा आमच्या मागं बघून. मग ती हसली, मान डोलावली, आणि हात खाली घेतला... कुणीतरी उलट हात केल्यावर घेतो तसा.