सांगून टाकलेलं

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी बेटाचा इतिहास लिहायला घेतला. बोटीच्या धक्क्याला पन्नास वर्षं होणार होती, त्या निमित्तानं पुस्तक निघणार होतं. काम साधं होतं. जुन्या माणसांकडे जायचं, चहा घ्यायचा, ती सांगतील ते जाड वहीत उतरवून घ्यायचं.

पहिला होता दीपगृहाचा म्हातारा राखणदार. मोठ्या वादळात यंत्र बंद पडलं, तेव्हा त्यानं अकरा तास हातानं दिवा फिरवला होता. तळहातावरचे घट्टे दाखवत त्यानं सगळं रंगवून सांगितलं. आठवड्यानं तारीख विचारायला बाई परत गेल्या.

"कसलं वादळ?" तो म्हणाला.

बाई हसल्या. वय झालं की व्हायचंच असं. पण तो आपल्याच घट्ट्यांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचे असावेत तसा.

दवाखान्यातली नर्स मात्र पन्नाशीची, खणखणीत. तापाच्या साथीत ती एकटी होडी वल्हवत औषध घेऊन आली होती. तोवर दोन पोरं गेली होती. सांगताना तिचा आवाज फुटला. चार दिवसांनी ती भाजीच्या दुकानात भेटली.

"साथ? आपल्याकडे? काहीतरीच तुमचं, बाई!"

आणि ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना बाईंनी कधीच पाहिलं नव्हतं.

बाईंनी वही कपाटात ठेवून कुलूप घातलं. पण बेट ते केवढं! बोलणं आईच्या कानावर गेलंच. ब्याऐंशी वर्षांची आई दुपारी स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसली.

"माझंही लिहून घे."

"नको, आई."

"सांगून टाकलं की जातं म्हणे."

"म्हणूनच नको."

"रोज सकाळी डोळे उघडले की तो माझ्यासाठी नव्यानं बुडतो. पन्नास वर्षं झाली ग. आता तरी सोडव मला."

बाईंनी वही काढली.

आईनं सांगितलं: धक्क्याच्या उद्घाटनाचा दिवस, पहिल्या फेरीला उसळलेली गर्दी, कलंडलेली बोट. सात वर्षांचा मुलगा. संध्याकाळी वाळूवर ओळीनं ठेवलेले एकोणीस जण, आणि त्यातला सगळ्यात आखूड तो. आई एका सुरात बोलत राहिली, बाई लिहीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आई आठ वाजेपर्यंत झोपली. उठली ती गुणगुणतच. भिंतीवरच्या त्याच्या फोटोपाशी थांबून म्हणाली, "गोड आहे ग पोरगा. तुझ्या वर्गातला का?"



आजवर त्या दोघी त्याच्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. पण ताटावर बसल्यावर एकीचा घास अडला की दुसरीला कारण कळायचं. आता आई पोटभर जेवत होती, वर भात मागून घेत होती. तो फक्त बाईंकडे उरला होता. आणि आईला ठाऊक नसलेली एक गोष्टही.

बाईंनी आठ दिवस कळ काढली. फोटोतले डोळे कुठेही बसलं तरी दिसायचे. आपणही विसरलो तर त्याचं कोण उरणार, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी वही उघडली. एकच ओळ, फक्त एक.

ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत त्या लिहीत होत्या.

आईनं चहा आणून ठेवला. "एवढं काय लिहितेस ग?"

बाईंनी पानं मागे उलटली. अक्षर त्यांचंच होतं. त्या हळूहळू वाचू लागल्या.

"एका बहिणीचं आहे, आई. बोटीत चढताना तिच्या चपलेचा पट्टा निसटला. तो लावायला तिनं धाकट्या भावाचा हात सोडला."

"अगं बाई! मग?"

"बुडाला तो."

"अरेरे." आई समोर टेकली. "आणि ती बहीण? आहे का अजून?"

बाईंनी सगळी पानं पुन्हा चाळली.

"ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी विचारायला हवं."